सदोमचं मीठ आणि साहेबांच्या मॅट

किर्यात मलाखी,
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९६३

तीर्थरूप शिमशोनमामा यांस,

हाईमचा शालोम आणि त्यामागोमाग साष्टांग नमस्कार. (नमस्कार पेणच्या दिशेला तोंड करून घातला आहे. ती दिशा आमच्या नओमीने शाळेच्या नकाशावरून काढून दिली. आमच्या घरात ती नेमकी मोरीकडे येते, त्याला माझा इलाज नाही.) आपली तब्येत कशी आहे? खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? तांबडी गाय व्यायली असेल, तिला काय झालं ते कळवावं. इकडे आम्ही तिघंही देवाच्या कृपेने खुशाल आहोत. म्हणजे माझी कंबर धरली आहे, मल्काचे दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे झाले आहेत आणि नओमी आमच्याशी बोलत नाही, पण आजार असा कोणालाच नाही. नओमीला सोळावं सरलं. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिब्रूत येतं, त्यामुळे मी रागावलो की तिचं उत्तर समजेपर्यंत माझा राग निवून जातो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मामा, आपण वडील आहात, मी आपल्याला दोष देणार नाही. मामींनाही देणार नाही. फक्त जे घडलं ते कोणामुळे घडलं एवढंच क्रमाने लिहितो. आपलं डिसेंबरातलं पत्र मिळालं. त्यात समासात, मामींच्या सांगण्यावरून, आपण दोन ओळी आडव्या लिहिल्या होत्या की नातू डॅनियल मॅट्रिकला तिसऱ्यांदा बसतो आहे, त्याला जबरदस्त दृष्ट लागली आहे, इथल्या मिठामोहरीने ती उतरत नाही, तरी तिकडून सदोमचं मीठ शेर-दोन शेर पाठवावं, कारण मागे वळून पाहिलं म्हणून जिथे लोटाच्या बायकोचा मिठाचा खांब झाला तिथल्या मिठापुढे कोणाची नजर टिकणार. मी हे वाचून खाली बसलो. मामा, आपल्या ओटीवर उभं राहिलं की समोर काय दिसतं? मिठागरं दिसतात. उजवीकडे मिठागरं, डावीकडे मिठागरं. लहानपणी मी त्यातून अनवाणी शाळेत आलो आणि आपण मला बाहेर उभं करून पाय धुवायला लावलेत. त्या मिठाच्या राशी सोडून मामींना अडीच हजार मैलांवरचं मीठ हवं. (डॅनियलला दृष्ट नेमकी कोणी लावली हेही कळत नाही. दोनदा नापास झालेल्या मुलाकडे बघून कोणाच्या पोटात दुखतं?) पण मामींचा शब्द मी कधी मोडलेला नाही. आईमागे त्यांनीच मला वाढवलं, तेव्हा म्हटलं आणू मीठ, त्यात काय एवढं.

त्यात काय एवढं ते पुढे लिहितो, पण आधी माझ्या नोकरीचं सांगायला हवं, नाहीतर आपल्याला वाटेल की हाईम उगाच घाबरला. मी इथे संत्र्यांच्या लाकडी पेट्या करणाऱ्या कारखान्यात मेनाहेलची, म्हणजे मॅनेजरसाहेबांची, गाडी चालवतो. साहेबांचं नाव बर्कोविच. रुमानियाचे आहेत. माणूस वाईट नाही, पण बोलत नाही. मुंबईत आमचे पारशी शेट एकोणीस वर्षं मागच्या सीटवरून अखंड बोलत, मला शिव्याही देत, त्यामुळे गाडीत एक प्रकारची सोबत असायची. हे साहेब बसतात, खिडकीबाहेर बघतात आणि उतरतात. मनात काय चाललंय ते देव जाणे. या नोकरीवर मला येत्या एक मार्चला सहा महिने पूर्ण होतात. सहा महिने झाले आणि साहेबांनी सही केली की माणूस कायम होतो. याला इथे क्वियूत म्हणतात, आणि मामा, ही क्वियूत काय चीज आहे ते तिकडे बसून समजायचं नाही. ती मिळाली की तुम्हाला कोणी हलवू शकत नाही. ती नाही मिळाली तर एकतीस तारखेसारखे तुम्ही महिन्यात आहात की नाहीत हे कोणालाच सांगता येत नाही. आल्यावर पहिली दोन वर्षं मी रोजंदारीवर होतो हे मी आपल्याला लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की सरकारी बागायत खात्यात आहे. बागायत म्हणजे डोंगरावरचे दगड वेचायचे आणि खड्डे खणून रोपटी लावायची. ज्याने आयुष्यभर स्टिअरिंगशिवाय काही धरलं नाही त्याच्या हाताला फोड येऊन ते फुटून पुन्हा येत. संध्याकाळी मल्का हाताला तेल लावायची आणि आम्ही दोघंही मुंबईचं नाव काढायचो नाही. पुन्हा त्या डोंगरावर जायची माझी ताकद नाही. हे मी विनोदाने लिहीत नाही.

तर गाडी. गाडी राखाडी रंगाची आहे, साधीच आहे, पण तिच्यात पायाखाली ज्या चार मॅट आहेत त्या साध्या नाहीत. त्या साहेबीणबाईंच्या भावाने परदेशातून पाठवल्या आहेत. रंग कबुतराच्या पाठीचा, लव बोटभर, आणि पाय ठेवला की पाऊल आत जातं. त्या आल्या त्या दिवशी साहेबीणबाई स्वतः खाली उतरून आल्या आणि मला बोट दाखवून म्हणाल्या, "हाईम, हे तुझ्या डोक्यावर." (मला आधी वाटलं टोपीबद्दल बोलतात.) तेव्हापासून मी गाडी चालवताना बूट काढून ठेवतो. हिवाळ्यातसुद्धा. आपण हसाल, पण मी कायम होण्यासाठी पायमोजेही चांगले घेतले.

गेल्या गुरुवारी साहेब आणि बाई आगगाडीने हैफाला लेकीकडे गेले. जाताना साहेबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, रविवारी सकाळी सातला. एवढंच. माझ्या डोक्यात मामींचं मीठ होतंच. शुक्रवारी पहाटे निघालं तर शब्बाथच्या दिव्यांच्या आत सदोम करून परत येता येतं असा हिशोब मी केला. मल्काला सांगितलं तर ती म्हणाली, साहेबांना न विचारता? मी म्हटलं, विचारायला साहेब आहेत कुठे. ती म्हणाली, मग मीही येते, मी अजून काहीच पाहिलं नाही. (हे खोटं आहे. तिने बीरशेबाचा बाजार दोनदा पाहिला आहे.) नओमीने हिब्रूत काहीतरी सांगितलं. त्याचा अर्थ मला वाटेतलं दिमोना गाव ओलांडल्यावर लागला. तो असा होता की अबा, म्हणजे बाबा, तिकडे परवाच पाऊस झालाय.

मामा, सदोम बघण्यासारखं आहे, पण पावसानंतर बघू नये. रस्ता डोंगरावरून खाली, खाली, खाली जातो, कान बंद होतात, आणि मग जमीन संपल्यासारखी होऊन समोर मृत समुद्र दिसतो. त्याच्या कडेने सगळं पांढरं. मला क्षणभर आपल्या पेणलाच आल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू. म्हणून तर घोटाळा झाला. कारण मी पेणच्या मिठागराचा माणूस. मिठावर कसं चालायचं ते मला कोणी शिकवायला नको. मी मल्काला म्हटलं, माझ्या पावलावर पाऊल टाक, घट्ट असतं हे. आणि दहाव्या पावलाला दोघंही गुडघ्यापर्यंत आत गेलो. आपलं मीठ खाली चिखल दाबून बसलेलं असतं, हे मीठ वर नुसती साय धरून बसलेलं असतं, खाली सगळा रबडा. मल्काचा एक बूट आत राहिला तो राहिलाच. दोन हजार वर्षांनी सापडेल कोणाला तरी आणि ते म्हणतील की लोटाच्या बायकोचा. लोटाच्या बायकोचा खांबही आम्ही पाहिला, म्हणजे तिथे उभ्या असलेल्या एका ट्रकवाल्याने बोट दाखवून सांगितलं तो. मल्काने वर बघून एवढंच विचारलं की नवऱ्याचा खांब कुठे आहे, तो का नाही झाला. मी खाली वाकून पोतं भरलं. दोन शेर सांगितलं होतं, पण एवढं आलो तर म्हटलं दहा शेर घ्यावं. पोतं ओलं होतं, ते मागच्या सीटच्या पायाशी ठेवलं, आमचे पाय पुढच्या सीटच्या पायाशी ठेवले, कारण पाय दुसरीकडे ठेवायची सोय गाडीत नसते, आणि परत निघालो. मी बूट काढले होते. पण पायमोज्यांतून पाणी येतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. मॅट बाहेर काढल्या. कबुतराच्या पाठीवर कोणीतरी चुन्याने रांगोळी घातली होती. मी घाबरलो नाही. बादलीभर पाणी घेतलं, ब्रश घेतला, घासलं. डाग गेला. पुसला, वाऱ्याला धरला, तर अर्ध्या तासात डाग हसत परत आला. पुन्हा घासलं, गरम पाण्याने. गेला. वाळला, परत आला. आणि परत येताना आधीपेक्षा मोठा होऊन यायचा, सुट्टीत गावी जाऊन आलेल्या मुलासारखा. चौथ्यांदा बादली भरत होतो तेवढ्यात मल्काने दिवे लावले आणि शब्बाथ सुरू झाला.

आता बघा, मामा. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ मला बोट लावता येत नाही. पिळायचं नाही, घासायचं नाही, वाळत घातलेलं काढायचंही नाही. मॅट गॅलरीच्या कठड्यावर आहेत तशा राहिल्या आणि मी खुर्ची घेऊन समोर बसलो. सकाळी प्रार्थनेला जाऊन आलो आणि पुन्हा बसलो. ऊन चांगलं पडलं होतं. मी उभ्या आयुष्यात मीठ येताना पाहिलं नव्हतं, आपण मिठागरात नेहमी आलेलं मीठच बघतो. आधी कडेला बारीक पांढरी रेघ येते, मग ती दुसऱ्या रेघेला जाऊन मिळते, मग मधे ठिपके. दुपारपर्यंत चारही मॅटवर मला ओळखीचे आकार दिसायला लागले. एकीवर अलिबागचा किनारा होता. त्यातून तो दिवस असा की सण झाडांचा, तू बिश्वातचा, त्यामुळे शब्बाथ निघाल्यावर आमच्याकडे एलियाहू हन्नावी संदेष्ट्याच्या नावाचा मलिदा होता, आणि आपले लोक मलिद्याला संध्याकाळी बोलावलं तर दुपारी येतात. प्रत्येकजण गॅलरीत यायचा, मॅटकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, काय हाईमभाऊ, पेणचे ना तुम्ही? रामल्याहून आलेली सोफी म्हणाली, तांदळाच्या धुवणात भिजवा. तिचा नवरा म्हणाला, रॉकेल लावा. एकाने सांगितलं की मांसाला मीठ लावून आपण रक्त काढतो, तर मिठावर मांस चोळलं तर मीठ निघेल. (हा माणूस इथे पाटबंधारे खात्यात आहे. म्हणून लिहून ठेवतो.) नओमी एकटी शहाणी. ती म्हणाली, म्हणजे तिचं हिब्रू मी असं समजलो की, अबा, मीठ पाण्यात विरघळतं, पाणी उडून जातं, मीठ कुठे जाणार, तिथेच राहणार. घासून काय उपयोग. थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्याने ते सैल करायचं, मग फडक्याने टिपून घ्यायचं, पुन्हा साधं पाणी, पुन्हा टिपायचं. शाळेत शिकवलंय. मी म्हटलं, बेसेदेर, ठीक, मग व्हिनेगर आणू.

शब्बाथ निघाला, मलिद्याची प्रार्थना झाली, पोहे-खोबरं-गूळ आणि फळं वाटून झाली, पाव्हणे गेले. व्हिनेगर घरात नव्हतं आणि मकोलेत, म्हणजे आमचं कोपऱ्यावरचं दुकान, बंद होतं. खालच्या मजल्यावर झेहावाबाई राहतात, मोरोक्कोच्या, त्यांच्याकडे व्हिनेगरची बुधलीच असते, ऑलिव्ह घालायला. मी मल्काला म्हटलं, जा, मागून आण वाटीभर. मल्का म्हणाली, मेले तरी जाणार नाही. कारण असं की आम्ही इथे आलो त्या वर्षी मल्काने त्यांना पुरीमच्या सणाला ताटभर करंज्या दिल्या होत्या आणि त्यांनी ताट परत केलं ते रिकामं. धुऊन, लख्ख करून, पण रिकामं. चार साखरेचे दाणे नाहीत, एक संत्रं नाही, काही नाही. मामा, मोरोक्कोत ताट रिकामं परत करत असतील, त्यात त्या बाईचा काय दोष, असं मी दोन वर्षं सांगतो आहे. पण मल्का कोकणातली आहे. नवऱ्याची नोकरी गेली तर पुन्हा मिळेल, रिकामं आलेलं ताट पुन्हा भरून येत नाही, असं तिचं मत. मी स्वतः जायला निघालो तर तिने सांगितलं की गेलात तर तिथेच जेवा.

मग ती म्हणाली, व्हिनेगर म्हणजे काय, खटाईच ना? खटाई ती खटाई. तांब्याची भांडी आपण कशाने घासतो? आणि तिने फळीवरून डबा काढला. मामा, डबा आमसुलांचा होता. आमसुलं कोणी पाठवली? मामींनी पाठवली. पुन्हा सांगतो, मी दोष देत नाही. मी तेव्हा तिला थांबवायला हवं होतं, पण माझी अक्कल सदोमच्या रबड्यात बुटाबरोबर राहिली होती. तिने दोन मुठी आमसुलं गरम पाण्यात कोळली आणि चारही मॅटवर ओतून हातांनी चोळली. छान चोळली. कमरेचा पट्टा बांधून मीही चोळली. दिवा जवळ आणून पाहिलं. कबूतर गेलं होतं. एक मॅट सोलकढीच्या रंगाची, दुसरी पिकलेल्या जांभळाच्या, उरलेल्या दोघी थोड्या अशा थोड्या तशा. नओमी आली, तिने पाहिलं, आणि तेव्हापासून ती आमच्याशी बोलत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मीठ गेलं नव्हतं. ते सकाळी वाळून पुन्हा वर आलं, आणि आधी राखाडीवर जे जरा लपत तरी होतं ते जांभळ्यावर असं उठून दिसायला लागलं की जरीच्या बुट्ट्याच.

रविवारी सकाळी मी मॅट गाडीत घातल्या, नवे पायमोजे घातले आणि पावणेसातला साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. मामा, त्या पंधरा मिनिटांत मला डोंगर दिसला, दगड दिसले, हाताचे फोड दिसले. पळून जावं असंही वाटलं, पण किर्यात मलाखीत पळून जायला जागा नाही, चौथ्या मिनिटाला माणूस कारखान्यापाशीच येतो. साहेब आले. दार उघडलं. खाली पाहिलं. आणि तेव्हा, मामा, आपण लहानपणी पाटीवर गिरवून घेतलेलं सगळं माझ्या कामी आलं. मी सरळ उभा राहिलो, छाती पुढे काढली आणि स्वच्छ हिब्रूत सांगितलं की साहेब, मी आपली गाडी न विचारता सदोमला नेली, माझ्या मामीने मीठ मागितलं होतं, मॅट मी खराब केल्या, त्यांचा रंगही मीच घालवला, आता आपल्याला काय करायचं ते करा, पण मी वाकरूळकर आहे, मी खोटं बोलत नाही. साहेबांनी खिशातून सिगारेट काढली, पेटवली नाही, परत ठेवली. मग गाडीत बसले, त्या जांभळ्या मॅटवर पाय ठेवले, आणि म्हणाले, "चल." पुढे दिवसभर एक शब्द नाही. सोमवारी नाही. आज मंगळवार, आजही नाही. हो नाही, नाही नाही. एक मार्चला अजून सतरा दिवस आहेत, आणि मी रोज सकाळी गाडी धुतो, दुपारी धुतो आणि घरी जायच्या आधी पुसतो. पण मन शांत आहे. खरं बोललो आहे, मामा. माणसाने खरं बोलावं आणि मग जे होईल ते होऊ द्यावं, हे मला आता या वयात पटलं.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना शालोम. डॅनियलला म्हणावं अभ्यासही करून बघ.

आपला आज्ञाधारक भाचा,
हाईम वाकरूळकर

ता. क. मीठ वेगळ्या पुडक्यातून बोटीने पाठवत आहे. दोन शेरच पाठवतो, बाकीचं पोतं मल्काने फेकायला लावलं. मामींना सांगावं की ओवाळून टाकण्यापलीकडे या मिठाचा उपयोग करू नये. आम्ही चिमूटभर माशाच्या आमटीत घालून पाहिलं. कडू आहे.

ता. क. दुसरं. लिहायचं राहिलं. क्वियूतच्या अर्जाला एक कागद जोडायचा आहे, वयाचा. या कारखान्यात पन्नाशीच्या पुढच्या माणसाला कायम करत नाहीत. मी भरती होताना वय पंचेचाळीस लिहिलं आहे, कारण त्या दिवशी रांगेत माझ्या पुढच्याने छप्पन्न सांगितलं आणि तो तिथूनच परत गेला. आपण हेडमास्तर होतात, शाळेची जुनी छापील पानं आपल्या ट्रंकेत अजून असतील. तरी शाळा सोडल्याचा एक दाखला जन्मसाल १९१७ असा लावून परतटपाली पाठवावा. आपल्याला खोटं लिहायचा तिटकारा आहे हे मी जाणतो. पण मामा, शाळेत नाव घालताना आमच्या घरात कोणालाच तारीख आठवेना, तेव्हा आपण सगळ्या मुलांना लावायचात तशी मलाही एक जून लावलीत. म्हणजे दिवस आपल्या मनाचा, महिना आपल्या मनाचा. राहता राहिलं साल, त्याने असं काय घोडं मारलं आहे?

ता. क. तिसरं. दाखला लिहिताना पहिलीत बसल्याचं सालही पुढे सरकवावं. नाहीतर मी ज्या वर्षी जन्मलो त्याच वर्षी पहिलीत बसलो असं होतं, आणि इथले लोक फार बारकाईने वाचतात. या हिशोबाने मल्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी ठरते. तिला अजून सांगितलेलं नाही.

---

मामांना मल्काचा शालोम. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याकडे दिलं आणि स्वतः गाडी धुवायला गेले, म्हणून मी वाचलं. आणि चुलीवरचं काम सोडून हे खाली लिहिते आहे. हे पत्रात लिहितात ते मिठापर्यंत खरं आहे. बुटाचंही खरं आहे. रविवारचं खरं नाही. रविवारी मागच्या सीटवर मी बसले होते हे त्यांनी गाळलं आहे. आमसुलं माझी होती, म्हणून मी गेले. साहेब आले तेव्हा यांची छाती वगैरे काही पुढे नव्हती. हे चाकावर कपाळ टेकून बसले होते आणि तोंडातून फक्त "मामी, मामी" एवढंच निघत होतं, तेही मराठीत. साहेबांनी मॅटकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी किलोमीटरचा आकडा पाहिला, खिशातल्या वहीशी ताडला आणि विचारलं, तीनशे किलोमीटर कुठे? मग मी उतरून त्यांना बाजूला नेलं आणि बाजारातल्या हिब्रूत सगळं सांगितलं. दगडांचं आणि हातांच्या फोडांचंही. त्यांनी विचारलं, याचं वय खरं किती? मला खोटं सुचलं नाही. बावन्नावं चालू आहे म्हटलं. तेव्हा तो माणूस पहिल्यांदा हसला, मामा. म्हणाला, मी बोटीतून उतरलो तेव्हा आठ वर्षांनी लहान झालो होतो, माझ्या बायकोला अजून माहीत नाही. आणि हे आत चाकावर कपाळ टेकून असतानाच वर गाडीच्या टपावर क्वियूतचा कागद ठेवून सही केली. वयाचा कागद नको म्हणाले. एक मार्चला सगळ्यांसमोर देतील, तोवर सांगू नकोस असं मला बजावलं आहे.

ज्या रात्रींना मी यांच्या हाताला तेल लावत होते त्या आता संपल्या, हे मी रविवारपासून एकटीच मनात धरून आहे. सांगायचं पोटात मावत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. पण यांना सध्या कळायला नको. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा हे वेळेवर घरी येतात, पाणी भरतात, आणि काल तर झेहावाबाईंकडे जाऊन रिकाम्या ताटाबद्दल मी सांगितलेलं बोलून आले. तरी दाखला पाठवू नका. पाठवतो आहे, असं मात्र लिहा.